आठकोनी चिंधी

१

शनिवारी सकाळी काकांनी माझ्या जेवणाच्या टेबलावर आपला एक बूट आणून ठेवला, तोही उलटा. टेबलावर माझा चहा होता, पाव होता, आणि मी निवृत्त झाल्यापासून त्या टेबलावर दुसऱ्या कुणाची कसलीच वस्तू आली नव्हती. म्हणूनच असेल, मी ओरडले नाही.

"साहेब, चोरी झालीय," काका म्हणाले.

पोलिसातली नोकरी संपली, पण 'साहेब' काही सुटलं नाही. आमच्या इमारतीत सगळे मला तेच म्हणतात. काका खालच्या मजल्यावर राहतात. काकू गेल्याला वर्ष होत आलं. त्या वर्षात काका जिन्यात भेटले की हवेबद्दल एक वाक्य बोलायचे, मीही एक वाक्य बोलायचे, आणि दोघं आपापल्या कुलपाकडे जायचो.

"बुटाची?" मी विचारलं.

"थट्टा नको. तळ बघा."

तळाला कापडाचा एक तुकडा चिकटला होता, दोन बोटं रुंद असेल. मध्ये करपून काळा झालेला, पण कडेला निळ्या-पांढऱ्या रेघा स्पष्ट दिसत होत्या.

काका ठासणीच्या बंदुकीने नेम मारतात. शहराबाहेरच्या जुन्या दगडखाणीत त्यांचं मंडळ आहे. या बंदुका तोंडाकडून भरतात: आधी दारू, मग शिशाची गोळी, आणि गजाने ठासायचं. गोळी नुसती टाकली तर नळीत सैल बसते, म्हणून ती मेण-तेल लावलेल्या सुती चिंधीत धरून आत ढकलतात. बार उडाला की गोळी निशाणाकडे जाते आणि चिंधी थोड्याच अंतरावर गवतात पडते. काकांच्या चिंध्या जन्मभर काकूंनी केल्या.

"ही चिंधी माझ्या ट्रंकेतल्या कापडाची आहे," काका म्हणाले. "जुना गादीपाट. गाद्यांना लावायचे ना, ते जाड पट्ट्यापट्ट्याचं कापड. आता तसं विणत नाहीत. हिने शेवटचा मोठा तुकडा जपून ठेवला होता. ती गेल्यावर मी त्या गठ्ठ्याला हातसुद्धा लावला नाही. काल बूट पुसायला घेतला, हे दिसलं, आणि गठ्ठा सोडला. आत जुनं ब्लँकेट!"

"कुणाचा संशय?"

"संशय कसला? दर रविवारी मला चिंध्यांची पुडी कोण देतं? किल्लीबाई. हिच्या आजारपणात घराची किल्ली कुणाकडे होती? किल्लीबाईकडे. माझ्याच बायकोचं कापड चोरून मलाच वाटतेय वर्षभर. उद्या मंडळाची बैठक आहे. तिला नोकरीवरून काढल्याशिवाय मी तिथून उठणार नाही."

किल्लीबाईला मी ओळखत होते. मंडळाच्या बंदुकांच्या खोलीची किल्ली तिच्या कमरेला असते आणि त्याच खोलीमागे ती एकटी राहते. नोकरी गेली की छप्परही जाणार होतं.

"मला संध्याकाळपर्यंत वेळ द्या," मी म्हणाले.

२

काकांच्या घरात सगळं जागच्या जागी होतं. पलंगाशेजारी खुर्ची, खुर्चीशेजारी शिवणाची टोपली, आणि पलंगाच्या पायथ्याशी ट्रंक. काकू शेवटचे महिने याच पलंगावर होत्या.

गठ्ठ्याचा तपकिरी कागद जमिनीवर पडला होता. ब्लँकेट इतकं नीट घडी केलेलं होतं की बाहेरून गठ्ठा भरलेलाच वाटावा. मला तिथेच पहिला खडा लागला. घरफोड्या चोर घेतो आणि पळतो. रिकाम्या जागी ब्लँकेट घडी करून ठेवण्याएवढी फुरसत आणि काळजी त्याला कुठली?

"दोरी कुठाय?"

काकांनी खिशातून काढून दिली. मध्येच कापलेली, पण गाठ शाबूत.

"सोडली नाहीत?"

"सुटेल तर ना! ही गाठ हिचीच. दोनदा फिरवून शेपूट आत खोचायची. उभ्या जन्मात मला ती सुटली नाही. शेवटी कात्री घेतली."

टोपलीतली कात्री मी हातात घेतली. दोरीचा तुकडा पात्यात धरला, तो पटकन तुटला.

"धार छान आहे."

"हं." काका खुर्चीत बसले. पलंगावर बसले नाहीत. "ती गेल्यावर काय करायचं तेच कळेना. घरातल्या सुऱ्या, वस्तरा, ही कात्री, सगळं गोळा करून धारवाल्याकडे नेलं. त्याच आठवड्यात. तो म्हणाला, काका, दुकान काढताय का?"

मी हसले. ते हसले नाहीत.

"त्या आठकोनी चिंध्या बघून तुम्हाला वर्षभर काहीच वाटलं नाही?" मी विचारलं. पुडीतल्या चिंध्या चौकोनी कापून चारी कोपरे छाटलेल्या असतात, हे ते येतानाच बोलले होते. तशा फक्त काकू कापायच्या.

"वाटलं, किल्लीबाईच कापते. हिनेच तिला शिकवलं होतं. तेलामेणाने काळ्या झालेल्या असतात, रेघा कुठल्या दिसायला? आणि उडालेल्या चिंध्या मी उचलणं सोडलंय."

"का?"

"पूर्वी खिशात भरून घरी आणायचो. ही टेबलावर मांडून वाचायची. मध्ये भोक पडलंय, म्हणजे कापड पातळ. कडा चिरल्यात, म्हणजे नळीचं तोंड धारदार झालंय. मी नेम चुकलो की चिंधी बघून सांगायची, दोष बंदुकीचा नाही, तुमचा आहे." मग ते एकदम म्हणाले, "शेवटी शेवटी मात्र तिला मी घरात नको असायचो."

"असं कसं म्हणता?"

"आजारी माणसाला जवळ माणूस लागतं. ही मला दर रविवारी घालवून द्यायची. अहो, जा तुम्ही, डोक्याशी बसू नका. नाही म्हटलं की तोंड फिरवायची. मी जायचो. तिकडे एक गोळी धड लागायची नाही. ती एकटी काय करत असेल घरात? एवढं काय केलं होतं मी, साहेब?"

चोरीच्या तक्रारीखाली खरी तक्रार ही होती. मी कात्री टोपलीत ठेवली आणि खाणीचा रस्ता धरला.

३

खाणीत नेम मारणारे दोघंच होते, आणि दोघांचीही नावं माझ्या मनातल्या संशयितांत होती.

मंडळाचे सेक्रेटरी टेबलाशी हातोडा घेऊन बसले होते. लोखंडी छाप कापडावर ठेवायचा, वर ठोका घालायचा, आणि खाली गोल चकती पडायची. एकसारख्या चकत्यांचा ढीग झाला होता.

"गादीपाटाबद्दल ऐकलं," ते म्हणाले. "वाईट झालं. पण कात्रीने चिंध्या कापायचे दिवस गेले हो. आठ कोन म्हणे! गोळी काय कोन मोजते? माझ्या बघा, एकीसारखी दुसरी."

त्यांना आपला छाप सोडून दुसरं काही हातात धरवत नव्हतं. मी पुढे केलेल्या काकांच्या चिंधीला ते हात लावायलाही तयार झाले नाहीत, जणू विटाळच होणार होता.

दुसरा माणूस काकूंचा धाकटा भाऊ. तो भरायच्या ओट्यावर उभा होता. कापडाची अखंड पट्टी त्याने नळीच्या तोंडावर पसरली, गोळी वर ठेवून दाबली आणि उरलेलं कापड चाकूने तोंडाशीच कापून टाकलं. आधी कापलेली चिंधी त्याला लागतच नव्हती.

"तो गादीपाट मी ताईकडे मागितला होता, लपवत नाही," तो म्हणाला. "ती पडून होती, तरी उठून बसली मला शिव्या द्यायला. म्हणाली, कापडावर डोळा ठेवलास तर डोळा फोडीन. ताईच्या वस्तूंना हात लावायची सोय नव्हती. एकदा तिच्या कात्रीने मी तार कापली. पात्याला बारीक खाच पडली. वर्षभर बोलली नाही माझ्याशी. पण कात्री टाकलीही नाही. तीच वापरायची, आणि दर वेळी कापड अडकलं की माझं नाव घ्यायची."

"तुमच्या भाऊजींना काय वाटतं, कापड कुणी घेतलं?"

"भाऊजींना काय वाटतं ते कुणालाच कळत नाही. ताई होती तेव्हा तीच सांगायची. आता कोण सांगणार?" त्याने गज उचलला. "मी दोनदा गेलो घरी. दार उघडतात, बस म्हणतात, आणि ट्रंकेकडे बघत बसतात."

ओट्यामागे नळ्या धुवायची जागा होती. बार उडवून काळी झालेली नळी गरम साबणाच्या पाण्याने धुतात, आणि ते पाणी उताराने गटारात जातं. गटाराच्या तोंडाशी गाळात वाऱ्याने आलेल्या दोन-तीन जळक्या चिंध्या अडकल्या होत्या. साबणाच्या पाण्याने त्यांचं मेण निघून गेलं होतं आणि निळ्या रेघा वर आल्या होत्या. काकांच्या बुटाला चिंधी कुठे चिकटली ते कळलं.

मी मान वर केली तर किल्लीबाई समोर उभी होती.

"तुम्ही कशासाठी आलात ते ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "कापड मी चोरलं असं लिहून टाका."

४

तिच्या खोलीत एक खाट, एक स्टोव्ह आणि एक लोखंडी कपाट होतं. दोन माणसं उभी राहिली की खोली भरत होती.

"लिहायला मी आता कुणी नाही," मी म्हणाले. "आणि चोरलं म्हणून सांगणारा चोर मी नोकरीत एकदाही पाहिला नाही. उद्याची पुडी दाखव."

तिने कपाट किलकिलं केलं आणि पाठीनेच झाकत एक पुडी काढून दिली. पुडीत आठकोनी चिंध्यांची चळत होती. मेण आणि एरंडेल मुरून त्या मऊ झाल्या होत्या. मी खिडकीपाशी जाऊन भिंग काढलं.

पहिल्या चिंधीच्या एका कडेला एक धागा ओढला गेला होता आणि तिथे इवलासा दात उमटला होता. दुसरीलाही. तिसरीला तो वेगळ्या बाजूला होता, पण होता. लांब कापाच्या प्रत्येक रेषेत कुठे ना कुठे तोच दात होता.

"तू कापतेस?"

"हो."

"कशाने?"

मी खोलीभर नजर फिरवली. भाजी कापायची सुरी होती, कात्री नव्हती.

"किल्लीबाई, उद्या तुला इथून काढतील. कुठे जाशील?"

"बघेन कुठेतरी."

"कुणासाठी गप्प आहेस?"

"साहेब, एखादीला शब्द दिला तर तो ती असेपर्यंतच पाळायचा असतो का?" एवढं बोलून तिने ओठ असे घट्ट मिटले की मला पुढचा प्रश्न विचारवेना. तिचे डोळे भरले होते, पण ते माझ्याकडे नव्हते, कपाटाकडे होते.

मी तिथून निघाले ती थेट काकांच्या घरी. दार उघडताच मी टोपलीतली कात्री घेतली आणि माझा हातरुमाल उभाच्या उभा कापून काढला. भिंग लावून दोन्ही कडा पाहिल्या. काका माझ्याकडे बघत राहिले.

"साहेब, काय झालं? कोण चोर?"

"उद्या सांगते," मी म्हणाले. कारण चोर कळला होता, पण तो सांगावा की नाही, हे मला कळत नव्हतं.

५

रविवारी मंडळात नेहमीपेक्षा जास्त लोक आले होते. कुणाला तरी काढायचं असलं की आपली माणसं वेळेवर येतात. किल्लीबाईने कमरेची किल्ली आधीच काढून टेबलावर ठेवली होती. ती किल्ली पाहिली आणि माझा विचार पक्का झाला.

"काका, उठायच्या आधी ऐका," मी म्हणाले. "गठ्ठ्यात ब्लँकेट भरलं ते कशाला? तुम्हाला कळू नये म्हणून. चोराला तुमची काळजी होती."

"चोराला?"

"वरची गाठ काकूंची होती, तुम्हीच म्हणालात. तुम्हालाही न सुटणारी. ती न कापता कापड बाहेर कुणी काढलं? कुणीच नाही. कापड गेल्यावर ती गाठ मारलेली आहे."

काकांच्या मेहुण्याने मान वर केली.

"या चिंध्यांचा प्रत्येक लांब काप एका जागी अडकलाय. खाच पडलेल्या पात्याने. ती खाच यांनी तार कापून पाडली." मी मेहुण्याकडे बोट केलं. "पण आज त्या कात्रीला खाच नाही. काल मी रुमाल कापला, कड सरळ आली. काकू गेल्या त्याच आठवड्यात तुम्ही कात्रीला धार लावून आणलीत आणि त्यात खाच घासली गेली. म्हणजे या सगळ्या चिंध्या त्याच्या आधी कापलेल्या आहेत. तेव्हा कात्री टोपलीत होती, टोपली खुर्चीशेजारी, ट्रंक पलंगाच्या पायथ्याशी, आणि पलंगावर कोण होतं?"

सेक्रेटरींनी हातातला छाप हळूच खिशात टाकला.

"त्या तुम्हाला दर रविवारी घालवून द्यायच्या, काका. तुम्ही विचारलंत, ती एकटी काय करत असेल. हे करत होत्या."

काकांनी टेबलावरच्या पुडीकडे पाहिलं. 

"बोल आता," मी किल्लीबाईला म्हणाले.

"त्या म्हणाल्या, गठ्ठा तसाच राहिला तर हे त्याच्यासमोर बसून जन्म काढतील," ती काकांकडे न बघता म्हणाली. "म्हणाल्या, एका वेळी एकच पुडी दे, म्हणजे पुढच्या रविवारी घराबाहेर पडावंच लागेल. बसवत नव्हतं त्यांना. उशा लावून कापायच्या. तुम्ही औषधं आणायला गेलात की मी जाऊन घेऊन यायची. मेण मी लावलं, त्यांच्या मापाने. कुणी कापल्या ते सांगू नकोस म्हणाल्या. कळलं तर एकही जाळणार नाहीत." मग ती माझ्याकडे वळली आणि तिचा आवाज चढला. "तुम्ही सांगितलंत ना, साहेब? आता ते एकही जाळणार नाहीत. काय मिळवलंत?"

मला तेच वाटत होतं.

ती उठली, आत गेली आणि कपाटाची दोन्ही दारं उघडली. वरपासून खालपर्यंत पुड्या होत्या. "घ्या. तुमच्या आहेत. सगळ्या घेऊन जा घरी."

काका कपाटासमोर उभे राहिले. त्यांनी एका पुडीवर हात ठेवला, मग दुसरीवर. शेवटी त्यांनी स्वतः कपाटाची दारं लावली, टेबलावरची किल्ली उचलून किल्लीबाईच्या हातात दिली आणि म्हणाले, "आजची तेवढी दे. पुढच्या रविवारची पुढच्या रविवारी."

ओट्यावर त्यांनी नळीत दारू ओतली. पुडीतून एक चिंधी काढली आणि तिच्या कडेवरून अंगठा फिरवला. दात सापडला असावा, कारण अंगठा तिथे थांबला. मग त्यांनी चिंधी नळीच्या तोंडावर ठेवली, गोळी बसवली, गजाने ठासली, आणि बार काढला. गोळी निशाणाच्या आसपाससुद्धा लागली नाही.

धूर विरायच्या आत काका ओट्यावरून उतरले आणि गवतात वाकून शोधायला लागले. मेहुणाही उतरला. दोघं वाकून शोधत होते.

दुपारी माझी बेल वाजली. दारात काका होते, दोन्ही बूट पायांत. आत येऊन त्यांनी जेवणाच्या टेबलावर रुमाल पसरला आणि त्यावर काळ्या पडलेल्या, मऊ, जळक्या वासाच्या चिंध्या ओळीने मांडल्या.

"वाचायला दुसरं माणूस लागतं," ते म्हणाले. "मला आपल्या चुका दिसत नाहीत."

"मला यातलं काय कळतंय, काका?"

"मध्ये भोक पडलंय?"

"नाही."

"कडा चिरल्यात?"

"नाही."

"मग दोष कुणाचा?"

"तुमचा," मी म्हणाले.

काका हसले, आणि हसता हसता रडायला लागले. मी पाव बाजूला सरकवला आणि भिंग आणायला उठले.